चौदा बंब आणि एक ग्राइंडर

"ग्राइंडर दिवसाला किती युनिट खातो?" करस्पाँडंटनी मला विचारलं.

"कोणता ग्राइंडर?"

"इडलीचं पीठ वाटायचा. घरगुती. दोन लिटरचा."

मी एकवीस वर्षं एनर्जी ऑडिटर आहे. एखाद्या कारखान्यात, इस्पितळात किंवा कॉलेजात वीज कुठून येते, कुठे जाते आणि वाटेत कुठे वाया जाते, हे मोजून लिहून द्यायचं, एवढंच माझं काम. लोक मला बॉयलरबद्दल विचारतात, पंपांबद्दल विचारतात. चोवीसशे मुलांच्या कॅम्पसच्या ऑडिटची सुरुवात इडलीच्या पिठापासून मात्र कुणी केली नव्हती.

"मोजल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हणालो.

"मोजा. त्यासाठीच बोलावलंय. आमच्याकडे विजेची चोरी होते आहे. चोर कोण ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त आकडा द्या."

तमिळनाडूत खाजगी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला करस्पाँडंट म्हणतात. नावाप्रमाणे त्याने पत्रव्यवहार करावा अशी अपेक्षा असावी. आमचे सेतुराम राव ती भरपूर पुरी करत. दर शैक्षणिक वर्षी एकपासून नंबर घालून सरासरी तीस सर्क्युलर ते काढत आणि काढलेलं सर्क्युलर मागे घेत नसत.

सेतुराम राव आणि मी, दोघेही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं चार दारांच्या अंतरावर. आम्ही घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ. सेतुराम राव कामाचं सगळं तमिळमध्ये बोलतात. ते मराठीत बोलायला लागले की गल्लीतला प्रत्येक जण सावध होतो, कारण त्यांना काहीतरी हवं असतं. त्या दिवशी ते तमिळमध्ये बोलत होते, म्हणून मी निर्धास्त होतो.

त्यांनी टेबलावर एक आलेख ठेवला. रंगीत, लॅमिनेट केलेला.

"हे बघा. कोविडआधी आमचा खप महिन्याला बासष्ट हजार युनिट. मग आम्ही ऊर्जाबचत मोहीम काढली. दिवे बदलले, भित्तिपत्रकं लावली, शपथ घेतली. खप एकवीस हजारांवर आला. आम्हाला ग्रीन कॅम्पसची शील्ड मिळाली."

"शपथ कुणी घेतली?"

"विद्यार्थ्यांनी."

"कुठे?"

"ऑनलाइन."

मी आलेखाखालची वर्षं पाहिली. खप उतरला तो बरोबर लॉकडाउनच्या महिन्यात. मोहीम सुरू झाली तेव्हा कॅम्पसमध्ये एकही विद्यार्थी नव्हता. वर्ग बंद, वसतिगृहं बंद, मेस बंद. दिवा विझवायची शपथ मुलांनी आपापल्या घरी, दिवा लावून घेतली होती.

"पुढे ऐका," करस्पाँडंट म्हणाले. "त्याच वर्षाच्या आकड्यावर आम्ही छतावर सोलर बसवलं. एकशे पंच्याहत्तर किलोवॅट. महिन्याला एकवीस हजार युनिट देतं. म्हणजे आमची गरज शंभर टक्के भागते. मुख्य दरवाज्यावर बोर्ड लावलाय, तुम्ही येताना पाहिला असेल."

बोर्ड मी पाहिला होता. 'शंभर टक्के सौर कॅम्पस.' अक्षरांमागे दिवे होते. ते संध्याकाळी सहाला लागत आणि सकाळी सहाला बंद होत. या वेळेत सूर्य नसतो.

"आता मात्र बाहेरून त्रेपन्न हजारांच्या वर युनिट येतात. शून्य यायला हवेत. त्रेपन्न हजार जातात कुठे?"

"सर, कॉलेज उघडलं."

"उघडून दोन वर्षं झाली. दिवे तेच आहेत. शपथही तीच आहे. वाढला तो एकच." त्यांनी खिडकीतून ट्रान्सफॉर्मरच्या दिशेने बोट दाखवलं. "सेल्वराजच्या बायकोचा पिठाचा धंदा."

सेल्वराज हा कॉलेजचा इलेक्ट्रिशियन. वय बावन्न, नोकरी तेवीस वर्षं. ट्रान्सफॉर्मरच्या आवारामागे दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात तो आणि त्याची बायको मल्लिका. लॉकडाउनमध्ये मल्लिका इडलीचं पीठ वाटून आसपासच्या घरांना विकू लागली. ग्राइंडरची वीज कॉलेजच्या लाइनवरून येत होती. करस्पाँडंटनी सेल्वराजला मेमो दिला होता. माझ्या रिपोर्टमध्ये चोरी सिद्ध झाली की नोकरी जाणार, क्वार्टर जाणार आणि पोलिसांत तक्रार होणार. विजेच्या चोरीची तक्रार झालेल्या वायरमनला तंजावूर जिल्ह्यात कुणी बल्ब बदलायलाही बोलावणार नाही. रिपोर्टला मुदत होती वीस दिवसांची.

पहिल्यांदा ग्राइंडर मोजला. मागितलेलं आधी द्यावं, हा माझा नियम आहे.

मल्लिका तो चालू करायलाच तयार नव्हती. "ऑडिटर सार, तुमच्यासमोर बटण दाबलं की दुसरा मेमो येईल."

"मेमो माझ्या नावावर येईल. दाबा."

क्लॅम्प मीटर नावाचं एक चिमट्यासारखं यंत्र असतं. वायरभोवती धरलं की वायरीतून किती वीज वाहते ते कळतं. ग्राइंडर दीडशे वॅट घेत होता. रोज अडीच तास चालतो, मल्लिका म्हणाली. महिन्याला अकरा युनिट, थोडे वरच. मी वहीत लिहिलं.

"हे रिपोर्टमध्ये येणार?" सेल्वराजने विचारलं.

"येणार. कॉलेजची वीज आहे, वापर कॉलेजचा नाही. मला सोडून देता येणार नाही."

मल्लिकाने माझ्यासमोरचा कॉफीचा डबरा-पेला उचलून आत नेला. कॉफी अर्धी राहिली होती. सेल्वराज मात्र रागावला नाही. त्याने खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यातून एक जाड रजिस्टर.

"लिहा सार. मीही लिहितो."

अकरा वर्षांची रजिस्टरं त्याच्याकडे होती. रोज सकाळी आठची मीटर रीडिंग. लॉकडाउनमध्येही एक दिवस चुकलेला नाही. तो कॅम्पसमध्येच राहत होता आणि रीडिंग घेऊ नका असं सर्क्युलर कुणी काढलं नव्हतं. सोलर आल्यापासून तीन रकाने: बाहेरून आलेली वीज, पॅनेलनी बनवलेली, आणि उरून बाहेर गेलेली. पहिले दोन मिळवायचे, तिसरा वजा करायचा, की खरा खप. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलेलं: 'ग्राइंडर, २ तास ३० मि.'

"हे कशाला?"

"उद्या कुणी विचारलं तर? क्वार्टरला वेगळं मीटर द्या, युनिट आमच्या पगारातून कापा, म्हणून दोनदा अर्ज केला. ऑफिस म्हणालं, सर्क्युलरमध्ये बसत नाही." पानात घडी करून ठेवलेल्या दोन्ही प्रती त्याने दाखवल्या.

एकवीस वर्षांत मला असा गुन्हेगार भेटला नव्हता.

आता मूळ प्रश्न. करस्पाँडंटचा हिशेब 'बेस इयर'वर उभा होता. बचत मोजायची तर कशाच्या तुलनेत, ते आधी ठरवावं लागतं. ज्या वर्षाशी तुलना करतो ते बेस इयर. वजन कमी झालं म्हणायचं तर आधीचं वजन ठाऊक हवं, तसंच. कॉलेजने बेस इयर धरलं होतं लॉकडाउनचं. तापात सोळा दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाचं वजन घेऊन, आता याचं हेच योग्य वजन, बाकी सगळी चोरी, असं म्हणण्यातला प्रकार.

म्हणून मी तुलना कोविडआधीच्या वर्षाशी केली. तेव्हा बासष्ट हजार, आता चौऱ्याहत्तर हजार तीनशे. मुलं तेवढीच, इमारती त्याच. वाढ बारा हजार तीनशेची. शोधायची ती एवढीच, आणि ती अकरा युनिटांच्या ग्राइंडरमध्ये मावत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सेल्वराजला घेऊन कॅम्पस फिरलो. पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ स्टीलचा बंब होता. साधारण चाळीस लिटरचा, खाली तोटी. हात लावला आणि काढून घेतला.

"यात काय आहे?"

"पाणी."

"कशासाठी?"

"कबसुर कुडिनीरसाठी."

तमिळनाडूबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कबसुर कुडिनीर म्हणजे एक कडू काढा. सिद्ध वैद्यकातला. कोविडमध्ये इकडे चौकाचौकात वाटला जायचा. आम्ही सगळे तोंड वाकडं करून प्यायलो. कॉलेज थोडंसं उघडलं तेव्हा करस्पाँडंटनी सतरा नंबरचं सर्क्युलर काढलं: प्रत्येक मजल्यावर काढा चोवीस तास गरम मिळाला पाहिजे, बंब कोणत्याही कारणाने बंद करू नयेत. चौदा बंब आले.

"मग काढा कुठे आहे?"

"पूड दीड वर्षापूर्वी संपली सार. नवीन मागवली नाही. कुणी पीत नव्हतं."

"आणि बंब?"

"बंद करू नयेत असं लिहिलंय. रिकामा ठेवला तर कॉइल जळेल. म्हणून रोज सकाळी मी पाणी भरतो."

"बंद करू का, असं विचारलं नाहीस?"

"तीनदा. ऑफिस म्हणालं, सर्क्युलर मागे घेतलं की कळवू."

चौदा बंब, दीड वर्ष, साधं पाणी उकळत होते. एका बंबाला चोवीस तास मीटर लावून ठेवला. दिवसाला चौदा युनिट. चौदा बंबांचे महिन्याला सुमारे पाच हजार नऊशे.

पुढे वर्गात शिरलो. एसी चालू, सगळ्या खिडक्या उघड्या. वर्ग चालू होता. मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीत कोपर टेकून बाहेरचा वारा घेत होता.

"खिडक्या?"

"एकोणीस नंबर. हवा खेळती राहावी म्हणून वर्गाच्या खिडक्या आणि ऑफिसची दारं कधीही लावू नयेत."

"आणि एसी?"

"बावीस नंबर. ऊर्जाबचतीसाठी एसी चोवीस अंशांवर चालवावेत. बरोबर चोवीसवरच आहेत सार, बघा."

बरोबर चोवीसवरच होते. बाहेर एकतीस होतं. आमचे एसी कावेरीचा सगळा मुलूख चोवीसवर आणायचा प्रयत्न करत होते. एक वर्ग दोन दिवस खिडक्या लावून चालवला आणि दोन दिवस उघड्या ठेवून. खिडक्या लावण्यासाठी प्रिन्सिपॉलबाईंची लेखी परवानगी घेतली, नाहीतर सेल्वराज हात लावायला तयार नव्हता. फरक सगळ्या वर्गांना लावला तर महिन्याला चार हजार आठशे.

गेटवरचा ताप मोजायचा कॅमेरा दोन वर्षं कुणीही न बघता ताप मोजत होता. पुस्तकं निर्जंतुक करायच्या पेट्या निळ्या उजेडात रिकाम्याच जळत होत्या. ऑनलाइन लेक्चरचा स्टुडिओ कुलूपबंद होता, आत एसी चालू. हे सगळं तेराशे युनिट. एकूण बारा हजार झाले. राहिलेल्या तीनशेंचा शोध लागला नाही. 'शोध लागला नाही' असंच लिहिलं.

कोविडने लोकांना कमी वीज वापरायला शिकवलं, असं मी भाषणांत ऐकलं आहे. आमच्या कॉलेजात त्याने पाच नव्या सवयी आणल्या आणि जाताना बरोबर न्यायला विसरला.

पण एक गोष्ट मला टोचत होती. लॉकडाउनमध्ये खप एकवीस हजार होता, म्हणजे रोज सातशे युनिट. शील्ड मिळाली म्हणून हा आकडा सगळ्यांना कमी वाटत होता. मला तो जास्त वाटत होता. कॅम्पसमध्ये सेल्वराज, मल्लिका आणि दोन वॉचमन. चार माणसांना रोज सातशे युनिट?

याची शहानिशा करायला रिकामं कॅम्पस पुन्हा हवं होतं. ते पोंगलच्या सुट्टीत मिळालं.

आमच्याकडे संक्रांत आणि पोंगल एकाच पातेल्यात शिजतात. मी पिशवीत मीटर भरत होतो, तेव्हा जयंती, माझी बायको, दारात उभी राहिली.

"सणाच्या दिवशी कुठं?"

"रिकामं कॉलेज बघायला."

"भरलेलं असताना बघितलंत की."

"भरलेल्यात काही दिसत नाही. सगळं एकात एक मिसळलेलं असतं. माणसं गेली की उरतं ते दिसतं."

ती माझ्या घरच्या मीटरच्या वहीत डोकावली. ही वही मी लग्नापासून ठेवतो आणि तिच्यावरून टोमणे ती लग्नापासून मारते. "आणि आपलं? लॉकडाउनात आपला खप किती वाढला होता! आपल्या बंटीचा क्लास, तुमची मीटिंग, दिवसभर तीन पंखे. कॉलेजला शील्ड मिळाली, आपल्याला काय मिळालं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच पेन काढलं. कॉलेजने 'वाचवलेले' एक्केचाळीस हजार युनिट, भागिले चोवीसशे मुलं. दरमहा माणशी सतरा युनिट. सतरा युनिट म्हणजे साधा छताचा पंखा, रोज साडेसात तास. कॉलेजचं वेळापत्रक साडेसात तासांचं आहे. हा अंदाज आहे, मोजमाप नाही. चोवीसशे घरांत मी गेलो नाही. पण बचत झाली नव्हती, ती घरी पाठवली होती, एवढं उघड होतं. बिलासकट.

"तुझं वाक्य रिपोर्टमध्ये घालू?" मी विचारलं.

"नाव घाला आधी," ती म्हणाली. "आणि दुपारी जेवायला या. पोंगल गार झाला की चांगला लागत नाही."

रिकाम्या कॅम्पसने त्या दिवशी नऊशे चाळीस युनिट खाल्ले. लॉकडाउनचे सातशे आणि वर दोनशे चाळीस. वरचे कुठले ते मला माहीत होतं: चौदा बंब, चौदा चौदा युनिट, आणि कॅमेरा, पेट्या, स्टुडिओ. आता उरले सातशे. सेल्वराजबरोबर एकेक फीडर तपासत गेलो. फीडर म्हणजे मुख्य पॅनेलमधून एकेका इमारतीला जाणारी लाइन. वसतिगृहाचं शीतघर, आत काही नाही, चालू. कारंजं चालू, बघायला कोणी नाही. आणि संस्थापक सभागृह.

संस्थापक म्हणजे करस्पाँडंटचे आजोबा. सभागृहात त्यांचं तंजावूर पद्धतीचं सहा फुटी चित्र आहे, सोन्याचा वर्ख लावलेलं. दमट हवेने वर्ख उचलेल असं कुणीतरी सांगितलं आणि तीन नंबरचं सर्क्युलर निघालं. चार एसी, वीस अंश, चोवीस तास, बाराही महिने. लॉकडाउनमध्ये कॉलेजात शिकणारं कोणी नव्हतं, तरी आजोबा थंड हवेत होते. दिवसाला एकशे चव्वेचाळीस युनिट.

माझ्या घरी पणजीच्या लग्नातलं असंच चित्र आहे. ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, चुलीच्या धुरात काळवंडलंय आणि त्याचा वर्ख शाबूत आहे. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. तो माझा विषय नाही.

रिपोर्ट दिला. त्यात एक तक्ता होता. मथळा: 'शैक्षणिक उपयोगाशिवाय होणारा वापर.' मोठ्यापासून छोट्यापर्यंत. बंब, उघड्या खिडक्या, संस्थापक सभागृह, शीतघर, कारंजं, असे उतरत उतरत शेवटी नववी ओळ: 'क्वार्टरमधला ग्राइंडर, ११ युनिट.'

समितीची बैठक बसली. करस्पाँडंट, प्रिन्सिपॉलबाई, आणि राइस मिल चालवणारे एक ट्रस्टी. सेल्वराजला दाराबाहेर उभं केलं होतं. दार उघडंच होतं, एकोणीस नंबरप्रमाणे.

करस्पाँडंटनी तक्ता शेवटाकडून वाचायला घेतला.

"नववी ओळ. ग्राइंडर. ऑडिटरनी लिहून दिलंय. चोरी सिद्ध झाली. मेमोवर पुढची कारवाई करायची."

दारात सेल्वराजने मान खाली घातली. मला त्या क्षणी माझ्या काटेकोरपणाचा रागच आला. अकरा युनिट. चौऱ्याहत्तर हजारांत अकरा. लिहिले नसते तर कुणाला कळलं नसतं. पण लिहिले होते, आणि आता त्यांच्यावर एका माणसाची नोकरी लटकत होती.

"सर," मी म्हणालो, "तक्त्यात 'चोरी' हा शब्द नाही."

"मग घाला."

"घालतो. पण हा एकच तक्ता आहे, एकाच मथळ्याखाली. नवव्या ओळीपुढे चोरी लिहिलं तर वरच्या आठांपुढेही लिहावं लागेल. नववीला निदान अर्ज केलेला आहे, दोनदा, आणि रोजची नोंद आहे. तिसऱ्या ओळीला काय आहे ते मी शोधलं. सर्क्युलर आहे. खाली सही आहे."

राइस मिलवाले ट्रस्टी चष्मा लावून तिसरी ओळ शोधू लागले.

तेव्हा सेतुराम राव माझ्याकडे झुकले आणि मराठीत बोलू लागले. इतकं गोड मराठी मी गल्लीत लग्नकार्यातच ऐकतो.

"मुकुंदा, आपण घरची माणसं. तुझे वडील आणि माझे वडील एका पंगतीत बसायचे. ती तिसरी ओळ कशाला? आजोबांचं नाव आहे त्यात. ती काढ. आणि बेस इयरचं तेवढं राहू दे. शाळेचं आणि पॉलिटेक्निकचं ऑडिटही मग तूच कर, दुसऱ्या कुणाला कशाला बोलावू?"

प्रिन्सिपॉलबाई आणि ट्रस्टी आमच्या तोंडाकडे बघत होते. दोघांनाही मराठी येत नाही. सेल्वराजलाही येत नाही, पण तेवीस वर्षांत तो करस्पाँडंटचा सूर ओळखायला शिकला होता.

मी तमिळमध्ये उत्तर दिलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"करस्पाँडंट सर विचारताहेत की तिसरी ओळ काढता येईल का, आणि बेस इयर लॉकडाउनचंच ठेवता येईल का. दोन्ही येणार नाही. ओळ काढायची तर नऊच्या नऊ काढाव्या लागतील. आणि लॉकडाउनचं बेस इयर ठेवायचं तर रिपोर्टमध्ये शिफारस एकच उरते: विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये."

बाहेर कारंजं चालूच होतं.

ट्रस्टींनी चष्मा काढला. "म्हणजे सोलर फसलं?"

"नाही. पॅनेल सांगितल्याएवढी वीज देतात, एक युनिट कमी नाही. बंद कॉलेज चालवायला ती पुरेशी आहेत. तुम्ही उघडं कॉलेज चालवताय."

"आणि हे चौदा बंब? पाणीच उकळतंय? दीड वर्ष?"

"रोज ताजं भरलं जातं."

"अय्यो," ट्रस्टी म्हणाले. "माझ्या मिलमध्ये एक मोटर दहा मिनिटं रिकामी फिरली तर मी फोरमनच्या घरी जातो." मग ते करस्पाँडंटकडे वळले. "राव सार, त्या दीडशे वॅटवाल्याला आत बोलवा. पाणी भरायचं त्याने थांबवलं असतं तर तुम्ही कॉइल जाळल्याचा मेमो दिला असता. बरोबर?"

 करस्पाँडंट पुन्हा तमिळमध्ये आले आणि म्हणाले, "मेमोचा फेरविचार करू."

फेरविचार झाला. सर्क्युलर एकतीस: मेमो मागे. सर्क्युलर बत्तीस: क्वार्टरला वेगळं मीटर. अकरा युनिट दरमहा सेल्वराजच्या पगारातून कापले जातात आणि तो पावती रजिस्टरमध्ये डकवतो. सर्क्युलर तेहेतीस: सर्व शैक्षणिक इमारती आणि वसतिगृहांतले बंब बंद करावेत, एसी चालू असताना खिडक्या लावाव्यात. संस्थापक सभागृहासाठी उपसमिती नेमली. तिची पहिली बैठक त्याच सभागृहात झाली, कारण तिथे गार असतं.

शाळा आणि पॉलिटेक्निकचं ऑडिट मला मिळालं नाही. जयंती म्हणाली, "पंगतीतून उठवलं म्हणायचं."

वर्षभराने कॉलेजला पुन्हा शील्ड मिळाली. खपात तेरा टक्के घट. अर्जात बेस इयर कुठलं धरलं होतं ते मी मुद्दाम पाहिलं: बंब उकळत होते ते. नियमात बसतं. आकडाही खरा आहे, मीच मोजलेला. करस्पाँडंटनी भाषणात ऊर्जाबचत मोहिमेचे आभार मानले. सेल्वराज मागे माइकची वायर धरून उभा होता.

समारंभानंतर त्याने मला प्रशासकीय इमारतीत नेलं. करस्पाँडंटच्या केबिनबाहेर चौदावा बंब होता. हात लावून पाहिला. गरम.

"हा का चालू?"

"सर्क्युलरमध्ये शैक्षणिक इमारती आणि वसतिगृहं लिहिलंय सार. ही प्रशासकीय आहे." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "खुलासा मागितलाय. दोन अर्ज झाले."

एवढ्यातून मी शिकलो ते असं. कुठलाही आकडा कमी झाला म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, त्या वर्षी इमारतीत कोण होतं ते विचारावं. आणि बंब बंद करायचा असेल तर लेखी द्यावं, इमारतीच्या नावासकट.